घेणारीचं तोंड

जालना,
११ फेब्रुवारी

आदरणीय कांतामावशी यांना,
अर्पिताचा नमस्कार.

डिसेंबरात तुमच्या गावातून निघताना तुम्ही म्हणाला होतात, "फोन नको करू, चिठ्ठी लिही. मी सातवी शिकलेली हाये, घरात वाचायला काही नसतं." म्हणून हे पत्र.

मावशी, आपला माहितीपट काल कॉलेजात दाखवला. सभागृह भरून मुलं पायऱ्यांवर बसली होती. आमच्या राज्यशास्त्राच्या भावना मॅडम आधी दोन शब्द बोलल्या, की निवडणुकीत पैसा कसा शिरतो हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत बघणं वेगळं. मग बावीस मिनिटं कुणी हललं नाही. तुम्ही पडद्यावर आलात आणि म्हणालात, "हो, घेतले. दोन हजार घेतले," तेव्हा टाळ्या पडल्या. इतकं खरं बोलणारं माणूस पाहिलं नाही, असं मुली मला नंतर सांगत होत्या.

माऊलीकाकाही आले होते. त्यांच्या जीपमधूनच मी तुमच्या खडकपिंपरीत आले, कॅमेराही त्यांनीच घेऊन दिला, तेव्हा त्यांना बोलावणं भागच होतं. पहिल्या रांगेत बद्रीनाथ शेठजींच्या शेजारी बसले होते. आमचं सभागृह शेठजींच्या देणगीतून बांधलंय. शेवटी शेठजी स्टेजवर आले आणि म्हणाले, "लोकशाही वाचवायची तर अशी मुलं पाहिजेत." पाच मिनिटं बोलले.

आता विद्यापीठाच्या महोत्सवात पाठवणार आहोत. काही ठिकाणी चेहरे पुसट करावे लागले, तांत्रिक कारणं होती. पण तुम्ही स्पष्ट दिसता.

शाळेतली खिचडी कशी चाललीय? पोरांना माझी आठवण सांगा.

तुमची,
अर्पिता


खडकपिंपरी, ता. जाफराबाद
१९ फेब्रुवारी

चि. अर्पिता हिस,
जय भीम. चिठ्ठी पोचली. पोस्टमन म्हणला, कांताबाई, तुम्हाला कोण लिहायलं? मी म्हणले, माझी एक पोरगी हाये जालन्याला.

दोनदा वाचली. पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना एका ठिकाणी अडकले, ते तुला विचारते.

बद्रीनाथ शेठ म्हणजे खडी क्रशरवालाच ना? आमच्या गायरानावर क्रशर टाकायचा म्हणून ज्यानं दोन्ही पॅनलला पैसा दिला तोच? मी तुला शाळेमागच्या ओट्यावर बसून समदं सांगितलं होतं. हे निवडून आले काय अन् ते निवडून आले काय, ठराव शेठचाच होणार. एकटी चतुराबाई पैशाबिगर उभी राह्यली, ती पडली. आता मला सांग, ज्याचे पैसे वाटले तोच समोर बसून टाळ्या वाजवून राह्यला, तर मंग पडद्यावर तू दाखवलं काय?

मी रागावले न्हाई. पाहिलंच न्हाई तर रागावू कशाला. माझा भाचा धम्मपाल एमआयडीसीत रोलिंग मिलला हाये, त्याच्याकडं मोठा फोन हाये. तो सुट्टीला आला की बघते.

दहा मार्चला गावसभा हाये. क्रशरच्या ठरावाचा विषय हाये. मी बोलणार हाये. ती जमीन माझ्या सासऱ्यापासून आम्ही वाहून राह्यलो, अन् शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. सुरुंग लागले तर खिचडीत खडी पडंल. बाया म्हणत्यात, कांताबाई, तूच बोल, तुला भ्या न्हाई.

टाळ्या कशावर पडल्या ते बराबर लिहून कळव.

कांताबाई


जालना,
२४ फेब्रुवारी

आदरणीय कांतामावशी,
नमस्कार.

कॉलेजची अंतर्गत परीक्षा चालू आहे, म्हणून थोडक्यात. तुम्ही विचारलंत ते योग्यच आहे. पण बावीस मिनिटांची मर्यादा होती, सगळंच घेता आलं नाही. शेठजींचं नाव घेता येत नाही, कॉलेजच्या वकिलांनी तसं सांगितलं होतं. नाव घेतलं की खटला होतो. तरी पैसा वाटला जातो हे लोकांनी पाहिलं, ते महत्त्वाचं नाही का? माणसांपेक्षा प्रवृत्ती दाखवणं मोठं, असं भावना मॅडम वर्गात नेहमी सांगतात.

गावसभेत जरूर बोला. तुमच्यासारख्या बायका बोलल्या तरच काही बदलेल.

अर्पिता


खडकपिंपरी,
१२ मार्च

अर्पिता,

गावसभा झाली. काय झालं ते लिहिते. तू निवांत वाच, परीक्षा झाली असंल तुझी.

शाळेच्या पटांगणात शंभर-सव्वाशे माणूस होतं. ग्रामसेवकानं ठराव वाचला, गायरान गट नंबर अमुक, खडी क्रशर, गावाची हरकत न्हाई. मी उभी राह्यले. म्हणले, "हरकत हाये. अठरा घरं ह्या जमिनीवर पोट भरत्यात, अन् शाळेच्या पोरांच्या छातीत धूळ जाईल." मागून बाया म्हणल्या, बराबर हाये, बराबर हाये. चतुराबाई बी उभी राह्यली.

मंग सरपंच सोमेश्वर उठला. नवा सरपंच, शेठच्या पैशातून निवडून आलेला. काही बोलला न्हाई. खिशातून फोन काढला अन् माईकला लावला. माझा आवाज आला, "हो, घेतले. दोन हजार घेतले." तेवढंच. त्याच्या पाठोपाठ तुझा आवाज आला. "जो मतदार स्वतःच विकला जातो, त्याला तक्रार करण्याचा हक्क उरतो का?"

सोमेश्वरानं ते तीनदा वाजवलं. तिसऱ्यांदा पोरं त्या आवाजासंगं म्हणायला लागली, घेतले, दोन हजार घेतले. मंग तो मला म्हणला, "कांताबाई, आता सांगा, तुमची हरकत किती रुपयांची हाये?"

सारं पटांगण हसलं. माझ्या मागच्या बाया खाली बसल्या. त्यांनी बी घेतले होते, त्यांना वाटलं आता आपला बी आवाज निघंल त्या फोनातून. ठराव मंजूर झाला. मी तशीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरनं बोलावलं. चांगला माणूस हाये, माझ्या तोंडाकडं बघंना. म्हणला, "शाळा समितीचं म्हणणं हाये, मत विकणारी बाई पोरांसमोर नको." अकरा वर्षं मी त्या शाळेत खिचडी शिजवली. समितीचा अध्यक्ष सोमेश्वरच हाये. ज्यानं मत विकत घेतलं तो पोरांसमोर चालतो.

अन् धम्मपालचा फोन आला जालन्याहून. मिलमध्ये कुणीतरी त्याला बी दाखवलं. म्हणला, "आत्या, बाबासाहेबांनी हातात दिलेलं मत, अन् तू दोन हजाराला?" एवढं बोलून ठेवला. त्याला मी कडेवर वाढवलं.

आता तुला इचारते. मी तुझ्यासमोर एवढंच बोलले होते का? तू म्हणलीस, मावशी पैसे घेतले का. मी म्हणले, "हो, घेतले. दोन हजार घेतले. न घेऊन सांगू कुणाला? जो घेत न्हाई त्याच्या नावापुढं माऊली यादीत फुली मारतो. मंग रोजगार हमीत काम न्हाई, घरकुलात नाव न्हाई. पैसे बद्रीनाथ शेठचे, वाटले माऊलीनं, अन् मत मी दिलं चतुराबाईला. जा, हे बी दाखव." तू मान हलवत होतीस. तुझ्या डोळ्यात पाणी होतं. ते पाणी कुठं गेलं?

कांताबाई


जालना,
१८ मार्च

आदरणीय कांतामावशी,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही. मला खरंच कल्पना नव्हती. आमच्या वर्गातल्या एकानं तो तुकडा मोबाईलवर स्टेटसला ठेवला होता, तिथून तो फिरला असणार. मी त्याला काढायला लावलं. पण आता तो कुणाकुणाकडे गेला, ते माझ्या हातात नाही.

तुम्हाला सगळ्या गावासमोर किती लाज वाटली असेल, ते मी समजू शकते. मी ठरवलंय, तुमचा चेहरा पूर्ण पुसट करते आणि आवाजही बदलते. महोत्सवाला नवी प्रत पाठवीन. म्हणजे तुम्हाला कुणी ओळखणार नाही.

तुमचं काम गेलं, त्याची भरपाई माझ्याकडून होणार नाही, तरी पाच हजारांची मनीऑर्डर केली आहे. शिष्यवृत्तीतले आहेत. कृपा करून नाही म्हणू नका.

मी चुकले. पण माझा हेतू वाईट नव्हता एवढं तरी माना.

अर्पिता


खडकपिंपरी,
२७ मार्च

अर्पिता,

मनीऑर्डर परत पाठवली. पोस्टमनला म्हणलं, घेणार न्हाई असं लिहा. आधीच एकदा घेतले ते गावाला पाठ झालेत.

लाज, असं लिहिलंस तू. मला लाज वाटली न्हाई. मला राग आला, अन् तो आजून हाये. ह्या दोन गोष्टी तुमच्या कॉलेजात एकच शिकवत्यात का?

धम्मपाल परवा आल्ता. बोलत नव्हता. मी म्हणलं, बोलू नको, पण तुझ्या फोनवर सारा पिक्चर दाखव. त्यानं कुठून तरी मिळवला. दोघं ओट्यावर बसून बघितला.

नऊ बाया हायेत त्यात. नऊच्या नऊ ओळखू येत्यात. वत्सलाच्या कपाळावरचा डाग बी दिसतो. रखमाजीची म्हातारी पाकीट पदरात बांधते, त्या पदराची ठिगळं मोजून घ्यावी एवढी साफ दिसत्यात. आमच्या बौद्धवाड्याची पाटी दिसते.

अन् पाकीट देणारा? त्याच्या तोंडाच्या जागी डबक्यात दगड पडल्यावर पाणी हलतं तसं हलून राह्यलं. जीपचा नंबर पुसला. हातातली अंगठी पुसली. मी शेठचं नाव घेते तिथं टुंई असा आवाज येतो, अन् नंतरचं माझं समदं बोलणं कापलं. घेणारीचं तोंड उघडं, देणाऱ्याचं झाकलं. मंग शेठ टाळ्या वाजवणार न्हाई तर काय करणार. त्याच्या मनासारखा पिक्चर तू त्याला फुकट काढून दिला.

धम्मपालनं बघितलं. मंग म्हणला, "आत्या, मी आधी सारं बघायला पाहिजे होतं." मी म्हणलं, हो, पाहिजे होतं. त्याला मी जेवायला वाढलं. तुझी गोष्ट वेगळी हाये. तू सारं बघितलं होतं. कापलं तूच.

वकिलानं सांगितलं, असं लिहिलंस. माऊली तुझा सख्खा चुलता हाये हे साऱ्या गावाला माहीत हाये. आम्ही तुझ्यासमोर बोललो ते त्याच्या भ्यानं न्हाई. तू ओट्यावर बसून आमच्यासंगं भाकर खाल्ली म्हणून बोललो. मला एवढं सांग, त्या टेपात माऊलीचं तोंड पहिलं कुणी झाकलं? वकिलानं का तू?

आता माझं ऐक. माझं तोंड बिलकुल झाकायचं न्हाई. माझा आवाज बदलायचा न्हाई. मी चोर न्हाई. मी बोलले ते पुरं दाखव अन् त्याचं तोंड उघडं कर. ते जमत नसंल तर मला चिठ्ठी लिहू नको.

कांताबाई गणपत


जालना,
५ एप्रिल

कांतामावशी,

तुम्ही विचारलंत, त्याचं सरळ उत्तर देते. मी.

वकील नव्हताच. कुणी काही सांगायच्या आधी, पहिल्याच दिवशी, संगणकावर बसून मी काकांचा चेहरा पुसट केला. मग वाटलं, फक्त एकाचाच पुसट केला तर मुलं विचारतील, म्हणून देणारे सगळेच पुसट केले. मग जीपचा नंबर, मग अंगठी. शेवटी तुमचं बोलणं राहिलं, त्यात नावं होती, म्हणून ते कापलं. बायकांचे चेहरे झाकावेत असं मनात एकदाही आलं नाही. मी खूप आठवून पाहिलं. खरंच एकदाही आलं नाही. तुम्ही माझ्याविरुद्ध काही कराल अशी भीतीच नव्हती, म्हणून.

तुमचं पत्र घेऊन भावना मॅडमकडे गेले. त्यांनी मूळ चित्रण मागितलं आणि सगळं पाहिलं. म्हणाल्या, "वर्गात मी प्रवृत्ती म्हणते, ते पुरावा नसेल तेव्हा. तुझ्याकडे पुरावा होता. तू मला दाखवलासही नाहीस." त्यांनी प्राचार्यांकडे पूर्ण माहितीपट पुन्हा दाखवायची परवानगी मागितली. प्राचार्य म्हणाले, "ज्यांनी सभागृह दिलं त्यांच्याच सभागृहात?" आणि अर्ज परत दिला. महोत्सवातून मी नाव मागे घेतलं.

मग घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "माझी पोरगी स्वतःच्या चुलत्याला कोर्टात उभं करणार? तुझी फी कुणी भरली तीन वर्षं?" मी म्हणाले, "काकांनी." ते म्हणाले, "मग झालं तर."

काका संध्याकाळी आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्याजवळ बसून म्हणाले, "मी तुझ्यापासून काही लपवलं का, बाळा? जीपमध्ये शेजारी बसवून नेलं. तुला कॅमेऱ्यातून काय दिसतं ते मला कळत नव्हतं का? मला वाटलं, आपली पोरगी आहे." मावशी, त्यांनी मला शाळेत सोडलंय, सायकल शिकवलीय. आणि तरी त्यांनी तुमच्या नावापुढे फुली मारली असती हेही खरं. सोमेश्वरकडे तो तुकडा त्यांनीच पाठवला होता. मी विचारलं, तर म्हणाले, "बाई फार बोलत होती."

त्या वाक्यानंतर माझं ठरलं.

धम्मपालदादांना मी मिलच्या गेटवर भेटले. ते माझ्याशी नीट बोलले नाहीत, पण पेनड्राइव्ह घेतला. त्यात एकेचाळीस मिनिटं आहेत. काहीही झाकलेलं नाही, काहीही कापलेलं नाही. फक्त विकल्या जाणाऱ्या मतदाराबद्दल मी मागून बोललेलं वाक्य काढून टाकलंय. ते मी लिहिलं तेव्हा मला फार छान वाटलं होतं. तुम्हाला हवं तिथे, हवं त्याला दाखवा.

दादा म्हणाले, जयंतीच्या आठवड्यात समाजमंदिरात दाखवणार, तू ये. मला धीर होईल की नाही, आज सांगता येत नाही.

अर्पिता


खडकपिंपरी,
१६ एप्रिल

अर्पिता,

बारा तारखेला दाखवला. तू आली न्हाईस. बाया इचारत होत्या, पोरगी कुठं हाये. मी म्हणलं, माहीत न्हाई.

समाजमंदिराच्या भिंतीला पांढरी चादर लावली. धम्मपालनं मशीन भाड्यानं आणली. आम्ही साऱ्या गावाला बोलावलं, दवंडी देऊन. मला वाटलं आपलीच माणसं येतील. पण मराठवाड्यातलं माणूस पिक्चर म्हणलं की येतं. वरल्या आळीचे बी आले, मागं उभे राह्यले. माऊली बी आल्ता, जीप रस्त्यावर उभी करून तिला टेकून उभा होता. सोमेश्वर आला न्हाई.

मी आधी उभी राहून म्हणलं, "ज्या बाया ह्यात दिसणार हायेत त्यांना मी घरोघर जाऊन इचारलं हाये. नऊतल्या सात हो म्हणल्या. दोघी न्हाई म्हणल्या, त्यांचं धम्मपालनं काढून टाकलं." हे तू आधी करायला पाहिजे होतंस. एका दुपारचं काम होतं.

माऊलीचं तोंड चादरीवर आलं. पाकीट देताना तो हसतो, हे मी इसरले होते. रखमाजीची म्हातारी मोठ्यानं म्हणली, "हा बघा, हा माऊली. तिथं बी माऊली, इथं बी माऊली." साऱ्यांनी वळून जीपकडं बघितलं. तो हलला न्हाई. मंग माझं बोलणं आलं, पुरं. चतुराबाईला मत दिलं, इथपर्यंत. चतुराबाई पुढं बसलेली. तिला आजवर वाटायचं, बौद्धवाड्यानं तिला फसवलं. ती उठून माझ्याजवळ येऊन बसली.

संपल्यावर वरल्या आळीचा एक म्हातारा म्हणला, "आमच्याकडं बी पाच-पाच हजार आले. आमचा भाव जास्त होता, एवढाच फरक." कुणी हसलं न्हाई.

तिथंच अर्ज लिहिला, धम्मपालच्या हातानं. पैसे वाटून झालेल्या निवडणुकीची अन् क्रशरच्या ठरावाची चौकशी करा. खाली पहिली सही माझी. सहीच्या वर मी लिहायला लावलं, मी स्वतः दोन हजार रुपये घेतले. धम्मपाल म्हणला, "आत्या, असं लिहिलं तर तुझ्यावर बी केस होईल." मी म्हणलं, होऊ दे. मी घेतले म्हणलं तरच त्यानं दिले हे खरं होतं. एकसष्ट सह्या झाल्या. वरल्या आळीच्या अकरा हायेत.

अर्ज तालुक्याला दिला. साहेबांनी अठ्ठावीस तारखेला बोलावलंय. टेप कुणी काढला त्यानं येऊन सांगावं लागतं, न्हाईतर टेपाला किंमत न्हाई, असं म्हणले. म्हणजे तुला माऊलीसमोर बसून सही करावी लागंल.

पेनड्राइव्ह पाठवणं सोपं होतं. हे सोपं न्हाई, ते मला बी कळतं. पण मी तुला बाळा म्हणून इनवण्या करणार न्हाई. यायचं असंल तर ये. यायचं नसंल तर तसं लिही, म्हणजे मी रस्त्याकडं बघत बसणार न्हाई.

कांताबाई


जालना,
२१ एप्रिल

कांतामावशी,

बारा तारखेला मी जाफराबादच्या बसस्टँडपर्यंत आले होते. तिथून जीप मिळत होती. मी परत फिरले. हे सांगायला हवं म्हणून सांगितलं.

अठ्ठावीसला येते. घरी सांगून येते.

अर्पिता


खडकपिंपरी,
९ मे

अर्पिता,

तू सही करून गेलीस त्याला अकरा दिवस झाले. त्या दिवशी बोलायला मिळालं न्हाई. तुझा बाप बाहेर उभा होता अन् तू त्याच्याकडं न बघता बसकडं गेलीस, ते मी बघितलं.

इथलं लिहिते. ठरावाला चौकशी होईपर्यंत स्थगिती आली. कागद मी स्वतः वाचला. क्रशरची मशीन घेऊन आलेला ट्रक गायरानाच्या कडंला चार दिवस उभा होता, काल परत गेला. सोमेश्वर आजून सरपंचच हाये. निवडणुकीचं काय व्हायचं ते कोर्टात जाईल, वकील म्हणतो वर्षं लागतील. शेठला आजून कुणी बोलावलं न्हाई. पैसे माझेच होते असं माऊलीनं साहेबांसमोर सांगितलं, शेठचं नाव घेतलं न्हाई. नोटीस दोघांना आली, एक माऊलीला अन् एक मला. माझी आधी आली.

शाळेत दुसरी बाई ठेवली. वत्सलाची सून हाये, तिला बी पोट हाये, तिच्यावर माझा राग न्हाई. पोरं म्हणत्यात खिचडी कच्ची राहते. मी कापसाच्या पऱ्हाट्या उपटायच्या कामावर जाऊन राह्यले. उन्हाचं काम हाये, हाताला फोड आलेत, म्हणून अक्षर असं आलंय.

एक गोष्ट सांगायची राह्यली. साहेबांनी तुला इचारलं, "हे तुमचे कोण लागतात?" तू म्हणलीस, "माझे काका आहेत, आणि पैसे वाटताना मी त्यांच्या शेजारी बसले होते." साहेबांनी फक्त पहिलं लिहून घेतलं. तू म्हणलीस, "दुसरं पण लिहा." ते लिहून होईस्तोवर तू सही केली न्हाई. माऊली तेव्हा पहिल्यांदा खाली बघायला लागला. धम्मपालनं बाहेर आल्यावर एवढंच म्हणलं, "पोरगी आली."

तू आता घरी राहत न्हाईस असं भावना बाईंनी धम्मपालला सांगितलं. त्यांच्याकडं राहून राह्यलीस म्हणे. मोठ्या परीक्षेची फी भरायची हाये, ती बी बाई भरत्यात. चांगली बाई दिसते.

मी तुला माफ केलंय असं लिहिणार न्हाई. पटांगणातलं हसणं आजून माझ्या कानात हाये, अन् ते मी मरेस्तोवर राहील. ते तुझ्यामुळं झालं. साऱ्या गावात जाऊन तू खरं दाखवलं तरी ते झालेलं न झालेलं होत न्हाई. तुला भाकर वाढताना बी मला ते आठवंल.

तरी पण परीक्षा झाली की इकडं ये. घर दोन खणाचं हाये, वर पत्रा हाये, दुपारी तापतो. आलीस की आपण भांडू. चिठ्ठीत मला बराबर भांडता येत न्हाई, लिहिस्तोवर राग निवतो अन् मला तो निवू द्यायचा न्हाई. समोर बस, मी बोलंल, तू ऐक. मंग तू बोल.

यायच्या आधी दोन ओळी लिही. पोस्टमन रोज इचारतो.

कांताबाई